न्यायमूर्ती पेनिमन यांची सही

देशाला दोनशे वर्षं पूर्ण झाली त्या उन्हाळ्यात आमच्या थॅक्स्टर गावात ज्याच्या घरी जुनं काही नव्हतं, त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती. एरवी मॅसॅच्युसेट्समधली माणसं जुनं सामान माळ्यावर टाकतात आणि विसरून जातात. पण टाउन हॉलात प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि घरोघरी माळ्याला शिड्या लागल्या. फेसेंडनबाईंनी लोणी काढायची रवी आणली. दातांचे डॉक्टर ऑरिन बास्कम यांनी तोफेचा गोळा आणला. तो त्यांच्या आजोबांपासून गोठ्याचं दार उघडं ठेवायच्या कामी होता. कुणी एक लाकडी कवळी आणली, आणि ती कुठल्या सेनापतीची असावी यावरून दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं ते कायमचं.

वेंडेल पेनिमन त्याच वसंतात विमा कचेरीतून निवृत्त झाला होता. निवृत्त पुरुष घरात कुठे ठेवायचा हा प्रश्न त्या काळीही सुटलेला नव्हता. बायको, लोइस, झाडू मारता मारता म्हणायची, "पाय वर घे." मग धूळ पुसताना म्हणायची, "तिकडे सरक." शेवटी शेवटी ती नुसती झाडू घेऊन यायची आणि तो आपण होऊन उठायचा. उठून जायचा कुठे, तर परसातल्या खोपट्यात. दगडी भिंतीला लागून उभं असलेलं ते खोपटं म्हणजे त्याचं राज्य. आत एक पाय मोडकी खुर्ची, बेसबॉल ऐकायला रेडिओ, पाइपची तंबाखू, आणि कशाला लागतील ते माहीत नसलेले पण टाकवत नसलेले खिळे. तिथे त्याला कुणी सरक म्हणत नसे.

तर अशा या माणसाकडे प्रदर्शनात मांडायला एकच वस्तू होती, पण ती सगळ्या गावाच्या रव्या आणि गोळे एका बाजूला ठेवील अशी. त्याच्या पूर्वजांनी, न्यायमूर्ती एलिफलेट पेनिमन यांनी, भिंतीपलीकडे राहणाऱ्या न्यायमूर्ती एसाहेल थ्रॉल यांना स्वहस्ते लिहिलेली चिठ्ठी. दोघे एकाच कोर्टात शेजारी शेजारी बसत. देश तेव्हा पाळण्यात होता. ती चिठ्ठी पेनिमनांच्या घरी बिस्किटांच्या डब्यात, मेणबत्त्या आणि जुन्या पावत्यांबरोबर पिढ्यान् पिढ्या पडून होती. थ्रॉलांना लिहिलेली चिठ्ठी पेनिमनांच्याच डब्यात कशी, हा प्रश्न कुणाला पडला नाही. घराण्याच्या अभिमानाला असले प्रश्न पडत नसतात.

चिठ्ठी वाचलीही कुणी नव्हती. शाई उडून मजकूर डासाच्या पायांसारखा झाला होता. स्पष्ट होती ती फक्त सही. न्यायमूर्तींनी ती अशी दाबून केली होती की कागदाच्या मागे हात फिरवला तरी लागावी. शेवटच्या अक्षराची शेपटी भोपळ्याच्या वेलासारखी वळसे घेत खाली गेली होती. वेंडेलचे वडील म्हणत, "राज्यघटनेविषयी आहे. त्या दिवसांत दोन न्यायाधीश एकमेकांना दुसरं काय लिहिणार?" वेंडेलही तेच म्हणत आला.

तो चिठ्ठी घेऊन प्रदर्शन समितीकडे गेला. समिती म्हणजे मिल्ड्रेड फेसेंडन. बाकीच्या चौघी मान डोलवायला होत्या.

"वेंडेल, हे फारच नवीन दिसतंय," मिल्ड्रेड कागद उजेडात धरून म्हणाली.

"नवीन? मिल्ड्रेड, अगं माझ्या पणज्याच्या आज्याच्या हातचं आहे."

"असेल. पण दिसायला नको? माझी रवी बघ. कुणीही लांबून सांगेल की जुनी आहे. लोक काही भिंग घेऊन येणार नाहीत."

वेंडेलला ते लागलं. विमा कचेरीत त्याला पुष्कळ जण पुष्कळ काही बोलले होते, पण पूर्वज नवे दिसतात असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि एकदा हे गावात फुटल्यावर सल्ल्यांना तोटा पडेना. ऑरिन बास्कम म्हणाले, व्हिनेगर लाव, त्याने दातावर पिवळेपणा छान चढतो. पोस्टातली एडना पर्ली म्हणाली, ओव्हनमध्ये ठेव, पण माझं नाव सांगू नकोस. लोइस म्हणाली, "डब्यात ठेव. इतकी वर्षं डब्यात त्याने कुणाचं वाकडं केलं नाही." तिचा सल्ला अर्थात कुणी विचारात घेतला नाही.

शेवटी एझ्रा गंट भेटला. हा माणूस हिवाळ्यात स्टुलं बनवायचा आणि उन्हाळ्यात ती बोस्टनच्या लोकांना शंभर वर्षांपूर्वीची म्हणून विकायचा. त्यामुळे जुनं करण्याच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. तो म्हणाला, "चहा. कडक. कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने. वर्तमानपत्रात दाबून ठेव आणि झोप."

ज्या राज्यातल्या लोकांनी राजाचा चहा समुद्रात ओतून त्याच्याशी भांडण काढलं, त्या राज्यात दोनशे वर्षांनी एका सज्जनाने आपल्याच पूर्वजाला चहाने पुसला. न्यायमूर्ती एलिफलेटना काय वाटलं असेल ते असो, पण सकाळी वर्तमानपत्र उघडलं तर कागद सुरेख पिंगट झाला होता. आणखी एक नवल घडलं होतं. मजकूर वर आला होता. ती जुनी शाई ओकच्या झाडावरच्या गाठींची असे, आणि तिला चहा पाजला की ती पुन्हा काळी होते, हे पुढे एका कॉलेजातल्या माणसाने सांगितलं. तेव्हा वेंडेलला वाटलं, पूर्वजांचा आशीर्वाद आहे.

त्याने चष्मा लावून वाचायला घेतलं. अक्षर वेलबुट्टीचं, लिहिणाऱ्याचे नियम स्वतःचे. पहिला शब्द "महाशय" असा लागला. शेवटी "आपला नम्र सेवक" लागलं. मधली राज्यघटना असणार, असं धरून त्याने चष्मा काढला.

खरी लढाई पुढेच होती. समितीने ठरवलं की कागदपत्र असेल तर ते अस्सल असल्याचा दाखला हवा. विद्यापीठातल्या तज्ज्ञाने कळवलं की सध्या सगळा देशच आपले पूर्वज घेऊन त्याच्या दारात उभा आहे, दोन वर्षांनी विचारा. टाउन क्लार्क थर्लो प्रॅट म्हणाला, वारस असल्याचं शपथपत्र नोटरीपुढे करून आण, मग मी शिक्का मारतो. पण थॅक्स्टरमध्ये नोटरी एकच, आणि तो म्हणजे वेंडेल पेनिमन. कचेरीच्या कामासाठी त्याने कधीतरी ती सनद घेतली होती.

"मीच माझ्यापुढे शपथ घेऊ?" त्याने विचारलं.

"छे. नियमात बसत नाही," प्रॅट म्हणाला. "पलीकडच्या गावच्या नोटरीकडे जा."

पलीकडच्या गावचा नोटरी मासे धरायला उत्तरेला गेला होता. कधी येईल, ते माशांवर अवलंबून होतं. शेवटी प्रॅटनेच वाट काढली. गावचे पंच ठराव करतील, आणि ठराव म्हणजे दाखल्याहून वरचढ. ठरावाचा मसुदा वेंडेलने आपल्या सुबक अक्षरात लिहून नेला. हा कागद अस्सल, यावरची सही अस्सल, आणि यातला शब्दन् शब्द गावाला मान्य.

"शब्दन् शब्द कशाला?" प्रॅट म्हणाला. "सहीचं लिहिलं तेवढं पुरे."

"पुरे कसं? न्यायमूर्तीचा शब्द आहे, थर्लो. सही काय, कुणीही करतं."

तेही मंजूर झालं. वेंडेलने घरी येऊन लोइसला ठराव दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा ती ऐकत नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी सगळं गाव लोटलं. शनिवार होता, आणि आमच्याकडे शनिवारी बीन्स ठरलेल्या, म्हणून मागच्या खोलीत काकवीतल्या बीन्सची मोठी मोठी मडकी वाफाळत होती आणि अर्ध्या लोकांचं लक्ष तिकडे होतं. चिठ्ठी मधोमध, काचेच्या पेटीत. वेंडेल शेजारी उभा होता, निवृत्तीला मिळालेल्या कोटात. येणारा प्रत्येक जण वाकायचा, म्हणायचा, "काय सही आहे," आणि बीन्सकडे जायचा.

मग कॉन्स्टन्स थ्रॉल आल्या. थ्रॉलबाईंनी गावातल्या दोन पिढ्यांना लॅटिन शिकवलं होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नापास केलं होतं. वेंडेल त्यातलाच एक. भिंतीपलीकडच्या घरात त्या एकट्या राहत. थ्रॉल घराण्यात आता त्यांच्यामागे कुणी नव्हतं. थ्रॉल आणि पेनिमन पिढ्यान् पिढ्या भिंतीवरून एकमेकांना मान लववीत, त्यापलीकडे काही नाही. लग्नाला बोलावणं नाही, मयताच्या घरी केक पाठवणं नाही. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. कारण हरवलं होतं, राग तेवढा दोन्ही घरांनी नीट जपला होता.

बाई वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. मागे रांग तुंबली.

"पेनिमन," त्या म्हणाल्या, "तू हे वाचलंस?"

"बाई, ते राज्यघटनेविषयी आहे."

"शाळेतही तू पाठ न वाचताच अर्थ सांगायचास," बाई म्हणाल्या, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्यांच्या आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"महाशय, तुमचा मेंढा तीनदा माझ्या सलगमांत शिरला आणि तीनदा मी तो परत पाठवला. चौथ्यांदा शिरला तेव्हा मी तो खाल्ला. चिवट होता. आज दिवसभर कोर्टात मी दुसऱ्यांच्या चोऱ्यांचा निवाडा करत बसलो आणि शेजारी तुम्ही होता, त्यामुळे जेवण पचलं नाही. मी स्वतःला दोषी ठरवतो. भरपाई म्हणून माझ्या बाजूची, भिंतीपासून विहिरीच्या दगडापर्यंतची जागा तुम्हाला आणि तुमच्या वंशजांना कायमची देतो. माझ्या बायकोला हे कळू देऊ नये. आपला नम्र सेवक, एलिफलेट पेनिमन."

मागच्या खोलीतल्या मडक्यांचं रटरटणं आता पहिल्यांदा हॉलात ऐकू आलं. मग कुणीतरी फिसकन हसलं. वेंडेलने वळून बघितलं तर ती लोइस होती. बायकोला कळू देऊ नये असं लिहिलेली ती चिठ्ठी न्यायमूर्तींच्या बायकोनेच वाटेत अडवून डब्यात टाकली असणार, हे त्या हॉलात पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं होतं. तिला हसू आवरेना.

गावाने आठ दिवस दुसरा विषय काढला नाही. खाटकाच्या दुकानात वेंडेलने मटण मागितलं की मागून कुणीतरी विचारायचं, "चिवट नको ना?" चर्चमध्ये पाद्रीबुवांनी हरवलेल्या मेंढराचा दाखला द्यायला घेतला आणि खोकून दुसरा घेतला. पण हे सगळं सोसलं असतं. सोमवारी सकाळी थ्रॉलबाई काठी टेकत भिंतीपाशी आल्या, ते सोसण्यातलं नव्हतं.

"पेनिमन, तुझं खोपटं माझ्या जागेत आहे."

वेंडेलच्या तोंडातला पाइप विझला. "बाई, इतक्या वर्षांत..."

"इतकी वर्षं मी चिठ्ठी वाचली नव्हती. ती तुमच्या डब्यात होती." बाईंनी काठीने खोपटं दाखवलं. "गावाने शब्दन् शब्द मान्य केलाय. ठराव तुझ्याच अक्षरात आहे. मी वाचून आले. एक स्वल्पविराम राहिलाय. कुंपण-पंचांना बोलाव."

कुंपण-पंच हे आमच्याकडचं फार जुनं पद. गुरं मोकाट सुटायची त्या काळात कुणाचं कुंपण कुठे ते हे पंच ठरवत. गुरं गेली, कुंपणं गेली, पण दर मार्चच्या गावसभेत दोन पंच अजून निवडले जात, ते हसायला. नाव पुकारलं की टाळ्या पडत, आणि वर्षभर काम काही नाही. त्या वर्षीचे दोन कुंपण-पंच होते ऑरिन बास्कम आणि वेंडेल पेनिमन. वेंडेल तर हा मान नाताळच्या कार्डावर नावाखाली छापत असे.

आपल्याच खोपट्याचा निवाडा आपणच कसा करणार, म्हणून तो बाजूला झाला. ऑरिन टेप घेऊन आले. गावातले रिकामे लोक भिंतीवर बसले. विहिरीचा दगड रानटी झुडपांखाली सापडला. ऑरिननी तो आधी ठोकून बघितला, कानही लावला. दातांच्या डॉक्टरची आयुष्यभराची सवय. मग टेप लावला, परत लावला, आणि टोपी काढून वेंडेलजवळ आले.

"पायरी तुझी आहे, वेंडेल," ते हळू आवाजात म्हणाले. "पायरी कुणी नाकारू शकत नाही."

"आणि खोपटं?"

"पायरी चांगली दगडी आहे," ऑरिन म्हणाले.

वेंडेल त्याच दुपारी मोटार काढून लायमन स्टोडार्ड वकिलाकडे गेला. लायमनने चिठ्ठीची नक्कल वाचली, मेंढ्यापाशी थांबून खिडकीबाहेर बघितलं, आणि तोंड सरळ झाल्यावर वळला.

"काळजी सोड. या कागदाला कायद्यात काडीची किंमत नाही. ना साक्षीदार, ना नोंद. चिठ्ठी पोचलीच नाही, आणि दोनशे वर्षं ताबा तुमचा. ठराव फिरवायला गावसभा बोलाव, तिथे उभा राहा आणि एकच वाक्य म्हण, हा खासगी कागद आहे, याला काही अर्थ नाही. खोपटं तुझं."

"पण मी त्याला काचेत बसवलाय," वेंडेल म्हणाला.

"मग?"

"गावाकडून ठराव करून घेतलाय."

"वेंडेल, तुला खोपटं हवंय की आजोबा?"

हे त्याला घरी येईपर्यंत पुरलं. घरी आल्यावर लोइस म्हणाली, "म्हणून टाक. त्यात काय बिघडलं? न्यायमूर्ती काही ऐकायला येत नाहीत." वेंडेलने पाइप उचलला. तो खोपट्यात जाऊन बसला. रेडिओवर बोस्टनचा संघ हरत होता. खुर्ची होती तशीच मोडकी होती. या चार फळ्यांच्या बाहेर आपण कुणी नाही, विमा कचेरीतसुद्धा आपल्या टेबलावर दुसरा बसलाय, असं त्याला वाटलं. आणि काचेच्या पेटीबाहेर आपल्या घराण्यात मेंढा खाणारा एक म्हातारा सोडला तर कुणी नाही, असंही वाटलं. दोन्ही हातचं जाऊ नये एवढंच त्याला हवं होतं, आणि तेवढंच मिळण्यासारखं नव्हतं.

खोपट्याचा निकाल लावायला खास गावसभा भरली. उकाडा असा की सगळे छापील कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होते. पहिला तासभर एझ्रा गंटने रस्त्यावरच्या खड्ड्याविषयी भाषण केलं. खड्ड्याचा विषय कार्यक्रमात नव्हता, पण आमच्या गावसभेत बोलणाऱ्याला थांबवायची पद्धत नाही. मग सभापतींनी वेंडेलला उभं केलं.

"मिस्टर पेनिमन, सरळ सांगा. हा कागद तुम्ही खरा मानता की नाही?"

लायमन मागच्या बाकावरून मान आडवी हलवून खूण करत होता. वेंडेलने तोंड उघडलं. समोर थ्रॉलबाई ताठ बसल्या होत्या, लॅटिनच्या तासाला बसायच्या तशा. फक्त काठी त्यांनी दोन्ही हातांनी आवळून धरली होती, कुणी ओढून नेईल अशी. या बाईंना कधी कशाची धास्ती वाटत असेल, हे त्याला उभ्या जन्मात सुचलं नव्हतं.

"मेंढा खाल्ला हे वाईटच," वेंडेल म्हणाला. लोक हसले. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "पण हा माणूस जन्मभर दुसऱ्यांना दोषी ठरवत बसला. हे एकदाच त्याने स्वतःला ठरवलं. मग ते खोटं कसं म्हणू? सभापती, कागद खरा आहे. मेंढा आमच्याच माणसाने खाल्ला. थ्रॉलांचं बरोबर होतं. जागा बाईंची."

लायमनने डोक्याला हात लावला. लोइसने कार्यक्रमपत्रिका हलवायची थांबवली. टाळ्या काही वाजल्या नाहीत. आमच्याकडे मनापासून पटलेल्या गोष्टीला टाळ्या वाजवत नाहीत, टाळ्या कुंपण-पंचांना.

वेंडेलने खोपटं रिकामं केलं. रेडिओ, खुर्ची, खिळे सगळं घरात आलं, आणि त्याच्या मागोमाग तो. आता तो दिवसभर स्वयंपाकघरात. त्याने लोइसचे मसाल्याचे डबे नावांच्या क्रमाने लावले. दालचिनी सापडेना म्हणून तिने विचारलं तर त्याने तिला पद्धत समजावून सांगितली. बटाटे किती वेळ उकडावेत यावर त्याला मत होतं. कपडे वाळत घालताना चिमटे वाया जातात, दोन कपड्यांत एक पुरतो, हे त्याने करून दाखवलं. लोइसने आठवडा कसाबसा काढला. मग तिने आल्याचा केक भाजला, तो वेंडेलच्या हातात दिला आणि म्हणाली, "चल."

"कुठे?"

"भिंतीपलीकडे."

पेनिमनांपैकी कुणी थ्रॉलांचं दार वाजवायची ती पहिलीच खेप. वेंडेल केक धरून मागे उभा राहिला. दार उघडल्यावर लोइसने नमनाला घडाभर तेल घातलं नाही. "बाई, तुम्ही एक तर ते खोपटं परत करा, नाही तर यांना ठेवून घ्या. दोन्ही माझ्याकडे नको."

थ्रॉलबाईंनी वेंडेलला खालपासून वरपर्यंत बघितलं, मग केकला. "आत या. मला त्या खोपट्याचं काय करायचंय? तंबाखूचा वास मला सोसत नाही." त्या सावकाश खुर्चीत बसल्या. "कुणीतरी पेनिमन चारचौघांत उभा राहून म्हणेल की थ्रॉलांचं बरोबर होतं, एवढंच मला ऐकायचं होतं. माझे वडील वाट बघत गेले. त्यांचे वडीलही. कशाबद्दल, ते त्यांना माहीत नव्हतं, पण बघत होते. मी ऐकलं. खोपटं घेऊन जा."

वेंडेलने केक टेबलावर ठेवला आणि बाईंपुढे मान लववली. पण विमा कचेरीत घालवलेला जन्म असा लगेच सुटत नाही. "बाई," तो म्हणाला, "दोन ओळी लिहून देता का? म्हणजे पुढे कुणाला प्रश्न नको."

बाईंनी सुरी उचलली आणि केक कापायला घेतला.

"पेनिमन, तू नापास झालास ते काही उगीच नाही. लिहून ठेवलं की भांडण दोनशे वर्षं पुरतं. मी तोंडी सांगतेय. बस आणि खा."